अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची रोजची शुश्रूषा: अंग पुसण्यापासून रात्रीच्या झोपेपर्यंतचा क्रम

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणारी माणसे सहसा कष्टात कसूर करत नाहीत. तरीही रुग्णाच्या माकडहाडावर जखम होते, अंग पुसून होईपर्यंत त्याला हुडहुडी भरते, तो रात्रभर जागा राहतो आणि पहाटे एकटाच उठायला जाऊन पडतो. अशा बहुतेक प्रसंगांच्या मुळाशी क्रमाची चूक असते. साहित्य आधी जवळ घेतलेले नसते, अस्वच्छ भाग आधी आणि स्वच्छ भाग नंतर पुसला जातो, कूस बदलण्याची वेळ ‘आठवेल तेव्हा’ एवढीच ठरलेली असते. स्वच्छता, आराम, झोप आणि सुरक्षितता ही चार वेगवेगळी कामे आहेत असे धरून चालणे, हीसुद्धा नेहमी होणारी चूक आहे. संध्याकाळी ओली राहिलेली चादर त्वचा खराब करते, झोप मोडते आणि अस्वस्थ झालेल्या रुग्णाला पलंगावरून उतरण्याची धडपड करायला लावते.

पुढील पद्धत स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या किंवा फार अशक्त असलेल्या प्रौढ रुग्णासाठी आहे, आणि ती घरी तसेच रुग्णालयात वापरता येते.

इशारा: मणक्याला किंवा मानेला मार लागलेला असेल, खुब्याचे वा मांडीचे हाड मोडले असेल, किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर रुग्णाला कसे वळवायचे हे डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकून घेतल्याशिवाय त्याला हलवू नये.

## टप्पा १: हात लावण्यापूर्वीची तयारी

१. वेळ ठरवावी. जेवण झाल्याझाल्या अंग पुसायला घेऊ नये. हालचालीने दुखत असेल आणि डॉक्टरांनी तोंडावाटे घ्यायचे वेदनाशामक औषध दिलेले असेल, तर ते साधारण अर्धा ते एक तास आधी द्यावे, म्हणजे कूस वळवताना त्याचा उपयोग होतो. रुग्णाला नळीवाटे आहार चालू असेल, तर पलंग सपाट करण्यापूर्वी तो थांबवावा. नाहीतर पोटातले द्रव वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

२. आधी लघवी-शौचाला विचारावे. बेडपॅन किंवा युरिनल अंग पुसण्यापूर्वी द्यावे. मध्येच द्यावे लागले की केलेले काम पुन्हा करावे लागते आणि रुग्णही संकोचतो.

३. सर्व साहित्य हाताच्या अंतरावर मांडावे. साबणाच्या पाण्याचे एक आणि स्वच्छ पाण्याचे एक अशी दोन भांडी, सौम्य साबण, पुसण्यासाठी मऊ कापडाचे किमान चार तुकडे, दोन कोरडे टॉवेल, अंगावर पांघरण्यासाठी एक मोठी चादर, स्वच्छ कपडे, धुतलेल्या चादरी, रबरी किंवा प्लॅस्टिकचा जलरोधक कपडा, मॉइश्चरायझर, हातमोजे आणि मळके कपडे टाकण्यासाठी झाकणाची बादली किंवा पिशवी. गुप्तांग व गुदद्वाराजवळच्या भागासाठीचे कापड वेगळ्या रंगाचे ठेवावे. घाईत चूक होऊ नये म्हणून हा साधा उपाय फार कामाचा आहे.

४. खोली आणि पलंग तयार करावा. पंखा बंद करावा, वाऱ्याची खिडकी लावावी, पडदा ओढावा. पलंगाच्या चाकांना ब्रेक लावावा. उंची बदलता येत असेल तर पलंग काम करणाऱ्याच्या कमरेइतका वर घ्यावा. आपण उभे राहणार नाही त्या बाजूचा कठडा वर असावा. पलंगाला कठडेच नसतील, तर ती बाजू भिंतीला घट्ट टेकवावी किंवा तिथे दुसऱ्या माणसाला उभे करावे.

५. हात धुवावेत. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून साबण व पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलयुक्त द्रावण २० ते ३० सेकंद चोळले तरी चालते. हातमोजे घालायचे म्हणून हात न धुणे चूक आहे.

६. रुग्णाला सांगावे. “आता तोंड धुऊ, मग अंग पुसू, मग तुम्हाला डाव्या कुशीवर वळवेन,” असे आधी सांगितले की रुग्ण अंग ताठ करत नाही. बेशुद्ध रुग्णालाही हे सांगावे. उत्तर देता येत नाही याचा अर्थ ऐकू येत नाही असा धरू नये.

तपासून पाहा: पाण्याचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस, म्हणजे कोमटाहून थोडे गरम असावे. ते बोटांनी नव्हे तर कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने पाहावे, कारण कामाने निबर झालेल्या बोटांना चटका उशिरा कळतो. मधुमेह, अर्धांगवायू किंवा संवेदना कमी झालेल्या रुग्णाला पाणी गरम आहे हे स्वतःला कळत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत ही तपासणी कधीही टाळू नये.

## टप्पा २: तोंडाची स्वच्छता

अंग रोज पुसले जाते, पण तोंडाकडे दुर्लक्ष होते, हे फार ठिकाणी दिसते. खाणे बंद असलेल्या रुग्णाचे तोंड स्वच्छ असते ही समजूत चुकीची आहे. चावणे आणि गिळणे थांबले की लाळ कमी होते, जिभेवर जाड थर साचतो, आणि त्यातले जंतू श्वासावाटे फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

रुग्ण शुद्धीवर असेल तर: त्याला बसते करावे किंवा पाठ उंच करावी, छातीवर टॉवेल ठेवावा आणि मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावेत. हिरड्यांची कडा, गालांची आतली बाजू आणि जीभ सुटू देऊ नये. हात चालत असतील तर ब्रश त्याच्याच हातात द्यावा. वेळ जास्त लागला तरी चालेल.

रुग्ण बेशुद्ध असेल तर:

१. त्याला कुशीवर वळवून चेहरा पलंगाच्या कडेकडे आणि किंचित खाली झुकलेला ठेवावा, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर येते. गालाखाली टॉवेल आणि उथळ भांडे ठेवावे.

२. हातमोजे घालून, स्पंजची काडी किंवा चिमट्यात घट्ट धरलेला जाळीदार कापडाचा बोळा ओला करून पूर्ण पिळावा आणि त्याने दात, हिरड्या, गाल व जीभ पुसावी. प्रत्येक भागाला नवा बोळा घ्यावा आणि वापरलेले बोळे मोजून बाहेर आले आहेत याची खात्री करावी.

३. ओठांना पाण्यात विरघळणारे मलम लावावे. तोंड ओले करण्याचे काम दर २ ते ४ तासांनी करावे.

इशारा: बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये आणि दातांमध्ये आपले बोट घालू नये, कारण जबडा अचानक घट्ट मिटू शकतो.

कवळी असेल तर ती काढून, भांड्यात पाणी किंवा तळाशी टॉवेल ठेवून त्यावर धरून घासावी. हातातून निसटली तरी फुटत नाही. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. रात्री ती काढून साध्या पाण्यात झाकून ठेवावी.

## टप्पा ३: अंग पुसणे, म्हणजेच स्पंजिंग

या कामाचे दोन नियम आहेत. स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे जावे, आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा असावा. अंगावर मोठी चादर पांघरून तिच्या आतून कपडे काढावेत. एका हाताला सलाईन असेल किंवा एक बाजू लुळी असेल, तर कपडा चांगल्या हातातून आधी काढावा आणि घालताना दुखऱ्या हातात आधी घालावा. हे उलटे झाले की हात पिळवटतो आणि सलाईनची सुई निघते.

कापड हाताभोवती गुंडाळून त्याची टोके तळव्यात दुमडून घ्यावीत. लोंबणारी टोके लगेच गार होतात आणि अंगाला लागून रुग्ण दचकतो.

१. डोळे. फक्त स्वच्छ पाणी, साबण नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे एकाच दिशेने पुसावे. दुसऱ्या डोळ्याला कापडाचे दुसरे टोक वापरावे. पापण्यांना चिकटलेला चिकटा ओरबाडू नये. ओले कापड दोन मिनिटे ठेवले की तो सुटतो.

२. चेहरा, कान, मान. चेहऱ्याला साबण लावायचा का, हे रुग्णाला विचारावे. कानामागची घडी हमखास विसरली जाते. ऑक्सिजनची नळी कानावरून जात असेल, तर तिथल्या त्वचेवर व्रण पडला आहे का तेही याच वेळी पाहावे.

३. हात. आपल्यापासून लांबचा हात आधी, मग जवळचा. मनगटाकडून खांद्याकडे लांब, हलके पण ठाम हात फिरवावेत. काख पुसून लगेच कोरडी करावी. शक्य असेल तर पंजा पाण्यात बुडवू द्यावा. या एका गोष्टीने रुग्णाला जेवढे बरे वाटते तेवढे बाकीच्या सगळ्या स्पंजिंगने वाटत नाही. लुळ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली असेल तर बोटे एकेक करून सावकाश उघडावीत, कारण आत घाम साचून त्वचा सोलवटते.

४. छाती आणि पोट. स्तनांखालची घडी, बेंबी आणि पोटाची घडी उचलून पुसावी, आणि टॉवेल दाबून कोरडी करावी. घासून कोरडी करू नये. घड्यांमध्ये पावडरचा थर देऊ नये. घामाने तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच त्वचेला टोचतात.

५. पाय. गुडघ्याखाली हाताचा आधार देऊन पाय उचलावा. बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या कराव्यात. मधुमेही रुग्णाची नखे सरळ कापावीत, कोपरे आत खणू नयेत; नखे जाड झाली असतील तर स्वतः कापण्याचा प्रयत्न न करता जाणकाराकडे सोपवावीत.

इशारा: पोटरी चोळू नये. दिवसेंदिवस पडून असलेल्या रुग्णाच्या पायातील शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. एकच पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी वाटली तर पुढचे काम थांबवून डॉक्टरांना कळवावे.

६. पाणी बदलावे. पायांपर्यंत आल्यावर पाणी बदलायचेच. त्याआधीही ते गार किंवा गढूळ झाले असेल तर त्याच वेळी बदलावे.

७. गुप्तांग. हातमोजे आणि वेगळ्या रंगाचे कापड घ्यावे. स्त्रियांच्या बाबतीत नेहमी पुढून मागे पुसावे आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू वापरावी. उलट दिशेने पुसल्यास शौचातील जंतू मूत्रमार्गात जातात. पुरुषांच्या बाबतीत शिश्नावरची त्वचा सहज मागे जात असेल तर मागे घेऊन पुसावे आणि ती लगेच पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिली तर सूज येऊन काही तासांत तातडीची शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

८. पाठ आणि नितंब. नवे हातमोजे, स्वच्छ पाणी आणि दुसरे कापड घेऊन रुग्णाला कुशीवर वळवावे. मानेपासून कमरेपर्यंत पाठ आधी, नितंब त्यानंतर आणि गुदद्वाराजवळचा भाग सर्वांत शेवटी. काही ठिकाणी पाठ आधी पुसून गुप्तांग शेवटी पुसण्याची रीत आहे, आणि तीही बरोबर आहे. एकट्याने काम करणाऱ्याला मात्र मी वरील क्रम सुचवेन, कारण त्यात रुग्णाला एकदा कुशीवर वळवले की पाठ आणि चादर दोन्ही कामे होतात.

रुग्णाला आधीच शौच झालेले असेल तर हा सगळा क्रम बाजूला ठेवून प्रथम तेवढे स्वच्छ करावे, हातमोजे टाकावेत, हात धुवावेत आणि मग डोळ्यांपासून सुरुवात करावी.

तपासून पाहा: पाठ पुसताना माकडहाड, खुब्याची हाडे, खांद्याची पाती, कोपरे, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू उजेडात नीट पाहावी. लाल दिसणाऱ्या जागी बोट काही सेकंद दाबून उचलावे. जागा फिकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्तप्रवाह चालू आहे. लाली बोटाखालीही तशीच राहिली तर तो शय्याव्रणाचा, म्हणजे बेडसोअरचा पहिला टप्पा आहे. सावळ्या त्वचेवर लाली ओळखू येत नाही, म्हणून आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, गार, कडक, लिबलिबीत किंवा दुखरी लागते का, हे हाताने पाहावे.

शेवटी मॉइश्चरायझर पातळ लावावे. लाल झालेल्या जागेवर मालीश करू नये. रक्त खेळते राहावे म्हणून ती जागा जोराने चोळण्याची सवय अजूनही सर्रास दिसते, पण दाबाने आधीच दुखावलेल्या नाजूक रक्तवाहिन्या चोळण्याने आणखी फाटतात.

## टप्पा ४: रुग्ण पलंगावर असताना चादर बदलणे

दोन माणसे असतील तर उत्तम. एकट्याने करायचे असेल तर पुढील क्रम मोडू नये.

१. समोरच्या बाजूचा कठडा वर आहे हे हात लावून पाहावे.

२. रुग्णाला आधी स्वतःच्या बाजूला थोडे सरकवून घ्यावे. हे न करता वळवले तर तो पलंगाच्या पार कडेला जातो.

३. त्याचा लांबचा हात अंगाखाली सापडू नये म्हणून बाजूला घ्यावा, जवळचा हात छातीवर ठेवावा, जवळचा गुडघा वाकवावा. एक हात खांद्यामागे आणि दुसरा कमरेखालच्या हाडामागे ठेवून त्याला वळवावे. लुळा हात ओढून कधीही वळवू नये. खांद्याचा सांधा निखळतो.

४. मळकी चादर मळकी बाजू आत राहील अशी गुंडाळत रुग्णाच्या पाठीपर्यंत सरकवावी. नवी चादर गादीच्या अर्ध्या भागावर खोचून उरलेली अर्धी तिच्या शेजारी गुंडाळून ठेवावी. कमरेखालची आडवी चादर आणि तिच्याखालचा जलरोधक कपडाही याच वेळी घालावा.

५. रुग्णाला चादरींच्या गुंडाळीवरून आपल्या बाजूला वळवावे, आपल्या बाजूचा कठडा लावावा आणि मगच पलंगाला वळसा घालून दुसरीकडे जावे. अपघात होण्याची शक्यता सर्वांत जास्त याच क्षणी असते.

६. मळकी चादर काढून थेट बादलीत टाकावी. ती झटकू नये, जमिनीवर टाकू नये, स्वतःच्या कपड्यांना लागू देऊ नये.

७. नवी चादर ताणून खोचावी. पायांकडे पांघरूण सैल ठेवावे. घट्ट खोचलेल्या पांघरुणाने पावले खाली दाबली जाऊन घोटे कायमचे आखडतात.

तपासून पाहा: नव्या चादरीवरून तळवा फिरवावा. हाताला लागणारी प्रत्येक सुरकुती, शिवण, बटण, अन्नाचा कण रुग्णाच्या त्वचेला तासन्‌तास लागणार आहे. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी, किंवा सलाईनची नळी अंगाखाली गेली नाही ना, हेही आताच पाहावे.

## टप्पा ५: कूस बदलणे आणि टेकू देणे

कूस साधारण दर २ तासांनी बदलावी. रुग्ण फारच कृश असेल किंवा लाली लवकर दिसत असेल तर हा काळ कमी करावा. खुर्चीत बसवलेल्या रुग्णाच्या बसण्याची स्थिती तासाभरात बदलावी, कारण बसल्यावर सगळा भार नितंबांच्या दोन हाडांवर येतो.

१. डावी कूस, पाठ, उजवी कूस असा क्रम कागदावर लिहून पलंगाजवळ लावावा.

२. कुशीवर ठेवताना अंग पूर्ण ९० अंशांत उभे करू नये, नाहीतर सगळे वजन खुब्याच्या हाडावर पडते. पाठीमागे उशी लावून सुमारे ३० अंशांचा कल द्यावा. माकडहाडाखाली तळवा सरकवून पाहावा. ते गादीला टेकत नसेल तर कल योग्य आहे.

३. दोन्ही गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मध्ये उशी ठेवावी, म्हणजे हाडावर हाड घासत नाही.

४. उताणे झोपवताना पोटऱ्यांखाली लांबट उशी अशी ठेवावी की टाचा अधांतरी राहतील. उशी फक्त घोट्याखाली किंवा फक्त गुडघ्याखाली ठेवू नये.

५. जेवण किंवा नळीने आहार चालू नसेल आणि श्वासाचा त्रास नसेल, तर पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलून ठेवू नये. तिच्यामुळे रुग्ण हळूहळू खाली घसरतो, त्वचा चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे सरकते. त्वचा वरून धड दिसत असताना आतला मांसल भाग फाटतो तो असा.

६. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये. दोघांनी आडव्या चादरीच्या कडा धरून उचलावे आणि मग सरकवावे.

हवेची गादी आणली की कूस बदलावी लागत नाही, हा गैरसमज फार नुकसान करतो. ती गादी दाब कमी करते, पण संपवत नाही. तिच्यावर चादरी, प्लॅस्टिक आणि डायपर यांचे थर चढवले तर तिचा उरलासुरला उपयोगही जातो. मध्ये भोक असलेली गोल रिंग माकडहाडाखाली वापरू नये, कारण तिच्या कडेने आजूबाजूचा रक्तपुरवठा अडतो.

## टप्पा ६: लघवी, शौच आणि कॅथेटर

डायपर दर २ ते ३ तासांनी उघडून पाहावा आणि ओला असेल तर लगेच बदलावा. भरेपर्यंत वाट पाहू नये. बेडपॅन ओढून काढू नये. रुग्णाला कुशीवर वळवून तो उचलून काढावा.

कॅथेटर असेल तर युरिन बॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. कूस बदलताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते आणि नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. बॅग कठड्याला न बांधता पलंगाच्या स्थिर चौकटीला अडकवावी. दोन-तृतीयांश भरण्याआधी ती रिकामी करावी, आणि नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसावी.

## टप्पा ७: झोपेची तयारी

झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते. दर तासाला कधी औषध, कधी रक्तदाब, कधी डायपर या कारणाने उठवलेल्या रुग्णाला ते आवर्तन एकदाही पूर्ण मिळत नाही, आणि दोन-तीन दिवसांत तो चिडचिडा, गोंधळलेला किंवा दिवसा सुस्त होतो. म्हणून रात्रीची कामे एकत्र बांधावीत. कूस बदलण्याच्याच वेळी डायपर, बॅग, तोंड ओले करणे आणि शक्य असलेली औषधे उरकावीत. औषधांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. लघवी वाढवणारी गोळी सकाळी देता येईल का, हे आवर्जून विचारावे.

१. दिवसा पडदे उघडे ठेवून खोलीत उजेड येऊ द्यावा. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर जाऊ देऊ नये. घड्याळ आणि दिनदर्शिका रुग्णाला दिसेल अशी असावी, चष्मा व श्रवणयंत्र दिवसा वापरात असावे.

२. झोपण्यापूर्वी बेडपॅन, तोंडाची स्वच्छता, हात-चेहरा पुसणे, सुरकुत्या काढणे, उशी उलटी करणे आणि पाठीवरून काही मिनिटे हलका हात फिरवणे हा क्रम रोज त्याच वेळी करावा.

३. दुखते का, गार वाटते का, तहान लागली आहे का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. “काही हवे का?” या एका प्रश्नाला बहुतेक रुग्ण “नको” म्हणतात.

४. मोठा दिवा बंद करून जमिनीलगत मंद उजेड ठेवावा. मोबाइल, दूरदर्शन आणि पलंगाजवळच्या गप्पा बंद असाव्यात.

इशारा: झोप येत नाही म्हणून घरात पडून असलेली झोपेची गोळी देऊ नये. वृद्ध रुग्णात तिच्यामुळे गोंधळ, पडणे आणि श्वास मंदावणे हे धोके वाढतात.

## टप्पा ८: सुरक्षितता

पडणे. थोडेफार उठू शकणारा रुग्ण पूर्ण अंथरुणात असलेल्यापेक्षा जास्त पडतो, आणि बहुधा शौचालयाकडे जाताना पडतो. त्यामुळे त्याने बोलावण्याची वाट न पाहता जेवणानंतर, झोपण्यापूर्वी आणि पहाटे त्याला स्वतःहून विचारावे. काम झाल्यावर पलंग सर्वांत खाली आणावा, घंटी, पाणी आणि चष्मा चालत्या हाताच्या बाजूला ठेवावा. गोंधळलेला रुग्ण कठड्यावरून चढून उतरायला पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो, म्हणून त्याच्यासाठी सर्व कठडे वर करणे हा उपाय नाही. खाली आणलेला पलंग आणि जवळ बसलेले माणूस हाच उपाय. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय हातपाय बांधू नयेत.

पहिल्यांदा उभे करताना: कुशीवरून पाय खाली सोडून बसवावे, एक-दोन मिनिटे थांबावे, चक्कर येते का विचारावे, न घसरणारी पादत्राणे घालावीत आणि मगच उभे करावे. उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्या दिवशी चालवू नये आणि डॉक्टरांना सांगावे. खुर्ची रुग्णाच्या ताकदवान बाजूला आणि ब्रेक लावून ठेवावी.

ठसका. गुंगीत असलेल्या रुग्णाला भरवू नये. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून लहान घास द्यावा, आणि घास गिळला गेल्यावरच पुढचा द्यावा. नंतर किमान अर्धा तास बसते ठेवावे. जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते.

भाजणे आणि आग. संवेदना कमी असलेल्या किंवा बेशुद्ध रुग्णाला गरम पाण्याची पिशवी देऊ नये. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत कोणतीही ज्योत पेटवू नये आणि धूम्रपान करू नये. नाक व ओठांना तेल किंवा पेट्रोलियम जेली न लावता पाण्यात विरघळणारे मलम वापरावे.

रुग्ण पडलाच, तर त्याला लगेच उचलू नये. शुद्ध, श्वास, डोक्याचा मार आणि रक्तस्राव पाहावा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता धरून त्याला आहे तिथेच ठेवावे आणि मदत बोलवावी.

## टप्पा ९: नोंद ठेवणे आणि काम दुसऱ्याच्या हाती देणे

पलंगाजवळच्या कागदावर वेळ, कोणत्या कुशीवर ठेवले, त्वचा कशी होती, किती खाल्ले-प्याले, लघवी किती झाली, शौच झाले का आणि झोप किती लागली हे लिहावे. “ठीक आहे” असे लिहू नये. “माकडहाडावर नाण्याएवढी लाली, दाबल्यावर फिकी होत नाही” असे लिहिले की पुढच्या माणसाला काय पाहायचे ते कळते.

पुढीलपैकी काहीही दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे: दाबूनही न जाणारी लाली, फोड किंवा उघडी जखम, २४ तासांत ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी, अचानक सुरू झालेला गोंधळ किंवा असंबद्ध बोलणे, ताप, जेवणानंतर सतत खोकला, एका पायाची सूज. श्वास लागत असेल किंवा रुग्ण उठवूनही उठत नसेल, तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

काम दुसऱ्याच्या हाती देताना तोंडी निरोपावर भागवू नये. दोघांनी मिळून रुग्णाला एकदा कुशीवर वळवावे, त्वचा, नळ्या आणि कठडे एकत्र पाहावेत, नोंदीवर वेळ टाकावी, आणि त्यानंतरच पहिल्या माणसाने खोली सोडावी.